आत दुमडलेलं कापड

तिच्या गाळ्याला गाळा म्हणणं म्हणजे त्या जागेला जरा जास्तच मान देणं होतं. चार दुकानांच्या इमारतीत वर जाणारा एक जिना होता आणि त्या जिन्याच्या पोटात जो तिरका कोनाडा उरला होता, तिथे एक पायमशीन, एक स्टूल, भिंतीवरच्या खिळ्यांना अडकवलेली दोऱ्यांची रिळं आणि ती स्वतः, एवढं कसंबसं मावत होतं. सरळ उभं राहायचं म्हटलं तर मान वाकडी करावी लागे. वरून कुणी धाडधाड उतरलं की तिच्या डोक्यावर धूळ पडे आणि ती मशीन न थांबवता ओरडे, "हळू! खाली माणूस बसलंय!"

शाळेत असताना तिच्या अंगकाठीवरून कुणीतरी तिला काडी म्हणालं आणि ते नाव जन्माचं चिकटलं. पन्नाशी उलटली तरी अख्खा रस्ता तिला काडीबाई म्हणे. नवे कपडे ती शिवत नसे. घट्ट झालेलं सैल कर, सैल झालेलं आवळ, लांब असेल ते आखूड कर, चेन बदल, अस्तर लाव, एवढंच तिचं काम. नवं शिवणारे शिंपी तिला मनातून हलक्यात घेत, आणि बिघडलेलं काम मागच्या दाराने तिच्याकडेच पाठवत.

तिचा एक हट्ट मात्र सगळ्यांना माहीत होता. ती कापड कापत नसे. बाही आखूड करायची असो की पँटची कंबर आवळायची असो, जास्तीचं सगळं कापड ती आत दुमडून, दाबून, टाके घालून ठेवी.

"बाई, हाताला किती जाड लागतंय. कापून टाका ना," गिऱ्हाईक कुरकुरे.

"आणि उद्या दोन घास जास्त जायला लागले की मग? तेव्हा कापड कुठून आणू? तुमच्या पाठीचं काढू?"

गिऱ्हाईक हसे नाहीतर तोंड वाकडं करून जाई, पण परत तिच्याकडेच येई. मुलं मोठी व्हायची, त्यांच्या बाह्या उसवून लांब करून मिळायच्या. आजारातून उठलेली माणसं भरत, त्यांच्या कंबरा सैल करून मिळायच्या. तिच्या हातून गेलेला कपडा डोळे मिटूनही ओळखता येई. बाहीचं टोक चिमटीत धरलं की आतली जाड दुमड बोटांना लागायचीच.

आता गोटीबद्दल सांगायला हवं, कारण काडीचं नाव घेतलं की गोटीचं घ्यावंच लागे. दोघी एका बाकावर बसून शिकल्या. ही काटकुळी, ती गोल गरगरीत. नावं ठेवणाऱ्यांना फार डोकं चालवावं लागलं नाही. तेव्हा दोघींच्या घरी सारखीच ओढाताण होती. डबा एकीचाच असे आणि तो दोघी खात. पुढे गोटीचं लग्न टाइल्सचं दुकान असलेल्या माणसाशी झालं आणि काडीचं शाळेची व्हॅन चालवणाऱ्याशी. दुकानाचं मोठं दुकान झालं, मोठ्या दुकानाची दोन दुकानं झाली. व्हॅनची व्हॅनच राहिली.

म्हणून गोटी काही काडीला विसरली नाही. उलट, विसरली असती तर काही गोष्टी सोप्या झाल्या असत्या, असं काडीच्या मनात कधीकधी येऊन जाई आणि मग तिची तिलाच लाज वाटे. गोटी आठवड्यातून एकदा तरी जिन्याखाली येऊन त्या एवढ्याशा स्टुलावर बसे, काडी उभ्याने काम करी आणि दोघी जगातल्या यच्चयावत माणसांची उणीदुणी काढून मोकळ्या होत. काडीचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा गोटीने दवाखान्यात तिच्या उशाशी रात्री काढल्या, तिचे कपडे स्वतःच्या हाताने धुतले. अशा बाईला वाईट म्हणायला जीभ रेटत नाही.

पण गोटीच्या घरचं सगळं शिवणटिपण काडीकडे येई आणि त्याचे पैसे मात्र येत नसत. "आपल्यात कसले पैसे गं!" असं म्हणून गोटी काडीला मिठी मारी, आणि पैशांच्या जागी वस्तू येत. जुना मिक्सर आला. जुना पंखा आला. तो फिरताना घसा खाकरल्यासारखा आवाज करी. चादरी आल्या, डबे आले, कोपरा उडालेला आरसा आला. सगळं वापरलेलं, पण "अजून दणकट आहे हं". हे शब्द गोटी प्रत्येक वस्तूबरोबर पाठवी.

सगळ्यात मोठं प्रकरण सोफ्याचं. गोटीने नवं घर घेतलं तेव्हा सगळ्या खिडक्यांचे पडदे काडीने केले. बाकीची कामं परत पाठवून, पाठ मोडेपर्यंत केले. या वेळी नक्की काहीतरी हातात पडेल म्हणून ती वाट बघत राहिली आणि दारात टेम्पो उभा राहिला. टेम्पोत सोफा. तो काडीच्या दारातून आत जाईना. व्हॅनवाल्याने दार बिजागरीतून काढलं, शेजाऱ्यांनी फुकटचे सल्ले दिले, आणि शेवटी सोफा आडवा होऊन एकदाचा आत गेला. पण मग दार पुरतं उघडेना. त्या दिवसापासून त्यांच्या घरात अंग चोरूनच शिरावं लागे. काडीला त्याचं काही नाही. व्हॅनवाल्याला मात्र रोज पोट आत ओढून घ्यावं लागे.

"अगं, आपण आणि ते एकाच घरात राहतो," व्हॅनवाला सोफ्यावर पाय पसरून म्हणायचा. "ते आज राहतात, आपण पाच वर्षांनी."

तो मनमोकळा माणूस, त्याला यात खरंच गंमत वाटे. काडी हसायची, पण तिला ते लागायचं. वस्तूंपेक्षाही तिला जाचे ते गोटीचं येऊन बघणं. गोटी घरी आली की आधी सोफ्यावर हात फिरवी. "याच्यावर कव्हर नाही घातलंस? मी तर कायम घालायची." पंख्याकडे बघे. "याला तेल दिलंस का?" एखादी वस्तू दिसली नाही की विचारी, "तो आरसा कुठे गेला गं?" दिलेली वस्तू तिच्या मनाने कधी दिलेलीच नसे, फक्त जागा बदलून ठेवलेली असे. काडी मुकाट्याने उत्तरं देई आणि दुसऱ्या दिवशी जिन्याखाली मशीनला पाय मारता मारता सगळं त्या मशीनला ऐकवी. मशीनला ऐकवलेलं गोटीपर्यंत कसं पोहोचणार, हा साधा विचार तिने इतक्या वर्षांत केला नाही, हा दोष तिचाच.

त्या घरात एकच माणूस होता जो या भानगडीच्या बाहेर होता. टाइलवाले, गोटीचा नवरा. काडी त्यांना भाऊजी म्हणे. उंच, रुंद खांद्यांचे, कमी बोलणारे. मागच्या हिवाळ्यात ते आपला राखाडी लोकरीचा कोट हातावर टाकून स्वतः जिन्याखाली आले, मान वाकवून उभे राहिले आणि म्हणाले, "पोट सुटलंय. जरा सैल कर." काडीने दोन्ही बाजूंनी आतलं कापड सोडून कोट सैल केला. न्यायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "दर काय तुझा?"

"भाऊजी, राहू दे हो."

"दर विचारला मी," ते म्हणाले. तिने सांगितला. तेवढे पैसे त्यांनी मशीनच्या फळीवर ठेवले. "हिला बोलू नकोस. ती आपल्या दोघांनाही ओरडेल."

काडीला त्या दिवशी का कुणास ठाऊक रडू फुटलं. त्या घरातून तिच्या कामाचे आलेले ते एवढेच पैसे.

ती थंडी सरायच्या आत भाऊजी गेले. दुकानात गिऱ्हाइकाला टाइल दाखवता दाखवता म्हणाले, जरा बसतो, आणि बसले ते उठलेच नाहीत. काडीला कळलं तेव्हा ती सुई कापडात तशीच ठेवून धावली. पुढचे कित्येक दिवस ती गाळा लवकर बंद करून गोटीकडे जाई. तिला बळेबळे दोन घास भरवी, तिच्या केसांना तेल लावी, ती बोलली तर ऐके, नाही बोलली तर नुसती शेजारी बसून राही. त्या दिवसांत सोफा नाही, पंखा नाही, काही नाही. दोघी पुन्हा एका बाकावर आल्या होत्या. एवढं वाईट घडलं होतं आणि तरी काडीला मनात कुठेतरी बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याचा तिला राग येत होता.

गोटी बघता बघता वाळली. एकही कपडा अंगावर ठरेना. तिने सगळे कपडे पलंगावर काढून ठेवले आणि म्हणाली, "हे सगळं आवळून दे गं. मला आरशात बघवत नाही."

ढीग मोठा होता. त्याच सुमारास काडीच्या लेकीची फी भरायची होती. लेक दुसऱ्या शहरात राहून लॅबचं शिकत होती, हुशार होती, आणि फीचा हप्ता तोंडावर आला होता. काडीने गोटीचा ढीग घेतला म्हणजे बाकीची गिऱ्हाइकं परत पाठवावी लागली. तिने ठरवलं, या वेळी बोलायचं. फार नाही, फक्त एवढंच म्हणायचं की पोरीची फी आहे, जमलं तर बघ. तिने ते वाक्य मशीनसमोर चारचारदा म्हणूनसुद्धा पाहिलं.

कपडे पोचवायला गेली तर गोटीने भाऊजींचं कपाट रिकामं करायला काढलेलं. पलंगावर तो राखाडी कोट पसरलेला होता. गोटीचे डोळे सुजलेले. काडीने तोंड उघडायच्या आत तिने कोट उचलून काडीच्या हातांवर ठेवला.

"हा तू ने. तुझ्या ह्यांना होईल. पहाटे थंडीत व्हॅन काढतात. बाकीचे कपडे कुणालाही देईन, हा नाही देणार. आपल्यात पैशांचं कधी नव्हतंच, नाही का गं? हाच तुझ्या कामाचा समज. अजून दणकट आहे."

नवरा जाऊन महिना-दीड महिना झालेल्या बाईपुढे फीचा विषय कसा काढायचा? काडीने कोट छातीशी धरला आणि घरी आली. वाटेत तिला तो फार जड वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्याखाली तिने तो मांडीवर घेतला. व्हॅनवाला भाऊजींपेक्षा चांगला वीतभर बुटका, म्हणजे बाह्या आणि लांबी दोन्ही कमी करावी लागणार. ती खडूने खुणा करत होती तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"आई, फीचं काय झालं?"

"होईल गं."

"होईल म्हणजे कधी? इथे रोज विचारतात."

"होईल म्हटलं ना!" काडी खेकसली आणि तिने फोन ठेवला.

मग तिने कोटाकडे पाहिलं. हा कोट घरात येणार. व्हॅनवाला तो घालणार. गोटी येणार आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणणार, याला ब्रश केलास का, डांबराच्या गोळ्या ठेवल्यास का. आता आपल्या नवऱ्याच्या अंगावरसुद्धा त्यांचीच वस्तू, त्यांच्याच नजरेखाली. तिच्या कानशिलांत रक्त चढलं. म्हणाली, हा एक तरी माझ्या माणसाचा करीन, असा करीन की पुन्हा कुणाचा होणार नाही. आणि तिने मोठी कात्री उचलली.

जिने आयुष्यभर कुणाचं बोटभर कापड कापलं नाही, तिने त्या कोटाच्या दोन्ही बाह्या कापल्या. खालूनही कापला. लोकर जाड होती, कात्री जोर लावून चालवावी लागली. बाह्यांची दोन टोकं मांडीवर पडली आणि त्याच क्षणी तिचा राग कुठल्या कुठे गेला. राहिली ती नुसती भीती. भाऊजी मान वाकवून तिथेच उभे होते, दर काय तुझा म्हणून विचारत होते. कापायचाच होता तर सोफा कापायचा होता, असं तिला वाटलं. तिने ते तुकडे टाकले नाहीत. चिंध्यांच्या पिशवीत तळाशी कोंबले आणि कोट शिवून टाकला.

व्हॅनवाल्याला कोट असा बसला की रस्त्यावरचे लोक थांबून बोलले. "साहेब झालात की!" त्यालाही बरं वाटलं. काडी त्याच्याकडे बघायचं टाळायची.

मग एके दिवशी तो भलत्याच वेळी घरी आला. दारातून पोट आत ओढून शिरला, कोट काढला, सोफ्याच्या पाठीवर नीट टाकला आणि शेजारी बसला.

"काय झालं?" काडीने विचारलं.

"शाळेच्या फाटकाशी पाठमोरा उभा होतो. पोरांना गाडीत बसवत होतो. मागून कुणीतरी बाही धरली. अशी घट्ट धरली की मी दचकलोच. वळलो तर तुझी मैत्रीण."

काडीने हातातलं काम खाली ठेवलं.

"पळत आली असणार, धाप लागली होती तिला. माझं तोंड बघितलं आणि चेहरा असा झाला तिचा... मी म्हटलं, वहिनी, मी आहे. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. बाहीकडे बघत होती. टोक बोटांनी चाचपत होती. सगळी पोरं बघायला लागली. मग तिने सोडली बाही आणि गेली. मी नाही घालणार हा आता. मला थंडी वाजली तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोटी जिन्याखाली आली. स्टुलावर बसली नाही. तिरक्या छताखाली तिला मान वाकवावी लागत होती, तशीच उभी राहिली.

"कोट परत दे," ती म्हणाली.

त्या क्षणी काडी एवढंच म्हणू शकली असती, की मी तो कापलाय, माझं चुकलं. एका वाक्याचं काम होतं. पण माणूस अशा वेळी जे खरं असतं ते सोडून बाकी सगळं बोलतं.

"दिलेलं परत मागतेस?"

"मागते."

"मग सोफापण ने. दार उघडत नाही माझं. पंखा ने, आरसा ने. टेम्पो पाठव, सगळंच ने!"

"काय बोलतेस तू?"

"इतकी वर्षं नाही बोलले ते बोलते! तुझ्या घरचे पडदे मी करायचे, तुझे कपडे मी करायचे आणि माझ्या हातात काय, तर तुला नको झालेलं. माझं घर म्हणजे तुझी अडगळीची खोली आहे का? पोरीची फी भरायची होती मला. फी! आणि तू कोट दिलास." तिचा आवाज चढत गेला, वर जिन्यात कुणीतरी थबकलं. "वापरून झालं की सगळं माझ्याकडे. आता मेलेला नवरासुद्धा मलाच सांभाळायला दिलास!"

हे शब्द तोंडातून निघाले ते निघालेच. बोललेलं आत दुमडून ठेवता येत नाही.

गोटी पांढरीफटक पडली. पण रडली नाही.

"आपल्यात कसले पैसे," ती हळू म्हणाली. "हे कुणाचं वाक्य आहे गं? माझं लग्न झालं तेव्हा तू माझे कपडे मापाचे करून दिलेस. मी पाकीट काढलं होतं. तू माझा हात धरून म्हणालीस. मला वाटलं, केवढं मोठं मन हिचं. मी तेच धरून बसले. पैसे दिले तर तुला राग येईल म्हणून जे घरातलं चांगलं असेल ते देत राहिले. तू एकदाही नाही म्हणाली नाहीस. एकदासुद्धा नाही."

ते खरं होतं. काडी ते साफ विसरली होती.

गोटीने पर्स उघडली. "सांग. किती?"

आणि काडीने, जिला त्या वेळी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, तिने हात पुढे केला. आकडा सांगितला नाही, नुसता हात पुढे केला. गोटीने पर्समध्ये होतं नव्हतं ते सगळं त्या हातावर ठेवलं आणि मान वाकवूनच बाहेर पडली. कोटाचं पुन्हा काही बोलली नाही.

लेकीची फी त्या पैशांतून भरली गेली. पैसे खरे होते, फी खरी होती, लेक परीक्षेला बसली. पण जिन्याखालचं स्टूल रिकामं राहिलं. गिऱ्हाइकं यायची, कापून टाका म्हणायची, आणि तुमच्या पाठीचं काढू का असं म्हणायला काडीचं तोंड उघडत नसे. ती गप्प राहून जास्तीचं कापड आत दुमडे. लोक म्हणायला लागले, काडीबाई थकली. थकली नव्हती. तिला आपल्याच कामाची लाज वाटत होती.

गोटीचे निरोप नाहीत, फोन नाही. रस्त्यात एकदा दिसली ती पलीकडच्या फुटपाथने गेली. काडीने हाक मारायला श्वास घेतला आणि तो तसाच सोडून दिला. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. कोट सोफ्याच्या पाठीवरून खुंटीवर गेला आणि तिथेच राहिला.

"मी एक विचारू?" हवेत पुन्हा गारवा आला तेव्हा व्हॅनवाला म्हणाला. "तो कोट द्यायला तुझं काय अडलंय? मी घालत नाही, तू घालत नाहीस. भांडण पैशांचं होतं ते मिटलं."

"मी तो कापलाय," काडी म्हणाली.

इतके महिने नवऱ्यालाही तिने सांगितलं नव्हतं. व्हॅनवाल्याने तिच्याकडे पाहिलं. त्याची नेहमीची थट्टा या वेळी आली नाही.

"तू कापलास?"

"रागात."

"मग जोड," तो म्हणाला. "तुला दुसरं येतं काय?"

सुट्टीच्या दिवशी, इमारत बंद असताना, तिने जिन्याखाली दिवा लावला आणि चिंध्यांची पिशवी उलटी केली. तळातून राखाडी तुकडे निघाले. तिने कोट उसवला. बाह्यांची टोकं जिची तिला लावली, खालची पट्टी लावली, लोकरीचे धागे ओढून काढले आणि त्यांनीच रफू केलं. जितकं बारीक येत होतं तितकं बारीक केलं. इस्त्री फिरवली, उजेडाकडे धरला. जोड दिसत होता. कुणालाही दिसला असता. तिने तो लपवायला वरून पट्टी किंवा बटणांची रांग लावली असती तर शोभलंही असतं, पण तिने ते केलं नाही.

गोटीने दार उघडलं तेव्हा काडी कोट दोन्ही हातांवर घेऊन उभी होती. गोटीने तो तिच्या हातांवर ठेवला होता तसाच.

"आत ये," गोटी म्हणाली. तिच्या खिडक्यांना अजून काडीनेच शिवलेले पडदे होते.

काडी बसली नाही. "मी हा कापला होता. तू दिलास त्याच्या दुसऱ्या दिवशी. तू मागितलास तेव्हा हे सांगायला हवं होतं, ते न सांगता बाकीचं सगळं बोलले. भाऊजींबद्दलसुद्धा नको ते बोलले. जोडलाय, पण दिसतो."

गोटीने कोट घेतला. बाहीवरच्या जोडावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तू कापलास ते. शाळेपाशी मी वेड्यासारखी धावले, बाही धरली. तुझे हे वळले, तोंड दिसलं. ते एक वेळ मी सहन केलं असतं. पण हातात बाही होती आणि बोटांना ती जाड दुमड लागेना. तुझ्या हातचं मला अंधारातसुद्धा कळतं. तू दुनियेत कुणाचं कापत नाहीस. माझंच कापलंस. म्हणून दुसऱ्या दिवशी आले. मला कोट नको होता. तू काय सांगतेस ते ऐकायचं होतं."

काडी तिथेच खाली जमिनीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. गोटीही तिच्यासमोर बसली. तिने काडीला जवळ घेतलं नाही, समजूत घातली नाही, कोट मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली. भाऊजी गेले तेव्हा काडी जशी बसली होती, तशीच.

नंतर गोटी उठली आणि तिने कोट अंगात घातला. ती आता पूर्वीच्या निम्मीही राहिली नव्हती. खांदे कोपरांकडे ओघळले, बोटं बाह्यांत गडप झाली. एखाद्या पोरीने बापाचा कोट घालावा तशी ती दिसत होती.

"हा मी घालणार आहे. माझ्या मापाचा कर."

काडीने डोळे पुसले, पिशवीतून टेप आणि टाचण्या काढल्या. सवयीने चार टाचण्या ओठांत धरल्या आणि बाहीशी गुडघ्यावर बसली.

"किती होतील?" गोटीने विचारलं.

काडीच्या ओठांवर जुनं वाक्य आलं. टाचण्यांच्या मागे ते तिने गिळून टाकलं, टाचण्या हातात काढून घेतल्या आणि कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगितला असता तोच दर सांगितला. एक पैसा कमी नाही, जास्त नाही. गोटीने आत जाऊन तेवढे पैसे आणले आणि काडीच्या पिशवीत टाकले. बदल्यात देण्यासारखी एखादी वस्तू आहे का म्हणून तिची नजर एकदा खोलीभर फिरली. काडीने ते पाहिलं. मग ती नजर परत आली.

"सोफ्याचं काय करायचं गं?" गोटी म्हणाली.

"भंगारात देते उद्या. दार तरी उघडेल."

"दे."

काडीने टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या आणि बाहीचं टोक दुमडायला घेतलं. पहिली दुमड जोडाच्या बरोबर वर आली. गोटी मान खाली घालून तिच्या बोटांकडे बघत होती.

"कापू नकोस," ती म्हणाली.

काडीच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने मान हलवून नाही म्हटलं आणि ती दुमड आणखी एकदा आत वळवली.